चक्रीवादळ आणि आपलें घर
(गांवोगांवच्या अभ्यासवर्गांकरितां पाठ)



सन २०२० च्या जून महिन्याच्या ३ तारखेस, भर दुपारीं, ‘निसर्ग’ नांवाचें चक्रीवादळ अलिबागेच्या दक्षिणेस कोंकणच्या किनाऱ्यावर चढलें. त्या वेळीं वाऱ्याचा वेग ताशीं ११० ते १२० किलोमीटर होता, आणि मधूनमधून येणारे झोत त्याहूनहि जोराचे होते. श्रीवर्धन, दिवेआगर, मुरुड, हर्णे, दापोली ह्या बाजूस असंख्य घरांचीं कौलें व पत्रे उडाले. बापजाद्यांनीं लावलेले माड, पोफळी व आंबे मुळासकट आडवे झाले. विजेचे खांब इतके मोडले कीं, कित्येक गांवें आठवडेच्या आठवडे अंधारांत राहिलीं. कौल दोन दिवसांत बदलतां येतें. परंतु पोफळीचें रोप लावून त्याची सुपारी हातीं यावयास सहासात वर्षें लागतात. ज्यांची उपजीविका वाडीवर होती त्यांचें नुकसान किती झालें असेल ह्याचा विचार वाचकांनींच करावा.

पुष्कळ वृद्ध माणसें तोंवर असें म्हणत असत कीं, वादळें तीं पूर्व किनाऱ्याचीं. आपल्या बाजूस पाऊस आहे, पण तसलें तुफान नाहीं. बंगालच्या उपसागरांत अरबी समुद्रापेक्षां अधिक वादळें होतात हें खरें आहे. तथापि २००९ च्या ११ नोव्हेंबरास ‘फयान’ कोंकणावर आलें, २०२० सालीं ‘निसर्ग’ आलें, आणि लगेच २०२१ च्या मे महिन्यांत ‘तौक्ते’ हें त्याहूनहि बलाढ्य वादळ आपल्या किनाऱ्याला घासून गुजराथेंत शिरलें. अरबी समुद्राचें पाणी पूर्वीपेक्षां अधिक तापत आहे व तेथील वादळांचा जोर वाढत आहे, असें हवामानशास्त्रज्ञांस आढळून आलें आहे. सबब हा विषय आतां परक्या मुलुखाचा राहिला नाहीं. जे शिक्षक बंधु व भगिनी गांवांत वर्ग चालवितात त्यांनीं हा पाठ पावसाळ्यापूर्वीं एकदां मोठ्यानें वाचून दाखवावा. ज्यांस वाचतां येत नाहीं त्यांस ह्याची गरज अधिक आहे.

१. वादळ कसें उठतें

समुद्राचें पाणी सव्वीस-सत्तावीस अंशांहून अधिक उष्ण झालें म्हणजे त्याची वाफ मोठ्या प्रमाणांत वर चढते. ती वर जाऊन थंड होते, तिचे मेघ बनतात, आणि वाफेंत सांठलेली उष्णता मोकळी होऊन हवा आणखी वर ढकलली जाते. खालीं हवेचा दाब कमी होतो व ती पोकळी भरून काढण्याकरितां चोहोंकडून वारे धांवतात. पृथ्वी स्वतःभोंवतीं फिरत असल्यामुळें हे वारे सरळ मध्याकडे जाऊं शकत नाहींत. ते वळतात व मध्याभोंवतीं फिरूं लागतात. आपल्या उत्तर गोलार्धांत हें फिरणें घड्याळाच्या कांट्यांच्या उलट दिशेनें होतें. कलकत्त्यास राहणाऱ्या हेन्री पिडिंग्टन नामक गृहस्थानें एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास ह्या वादळांचा अभ्यास करून त्यांस ‘सायक्लोन’ हें नांव दिलें. तें वेटोळें घातलेल्या सर्पावरून सुचलेलें ग्रीक नांव आहे.

ह्या वेटोळ्याच्या मध्यभागीं एक शांत जागा असते. तिला वादळाचा ‘डोळा’ म्हणतात. डोळ्याभोंवतींच्या कड्यांत वारा सर्वांत प्रचंड असतो. ही गोष्ट नीट ध्यानांत ठेवावी, कारण पुढें तिच्यावर माणसांचे प्राण अवलंबून आहेत.

वाऱ्याचा वेग ताशीं ६२ किलोमीटर झाला कीं त्यास चक्रीवादळ म्हणतात व नांव देतात. ८९ पासून तें तीव्र, ११८ पासून अतितीव्र, आणि २२० च्या पलीकडे गेलें म्हणजे महाचक्रीवादळ समजलें जातें. आपल्या समुद्रांत हीं वादळें विशेषेंकरून पावसाळ्याच्या तोंडावर, म्हणजे मे व जून महिन्यांत, आणि पावसाळा सरल्यावर, म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबरपर्यंत उठतात.

२. तीन शत्रु: वारा, पाऊस व समुद्र

पुष्कळांची अशी समजूत असते कीं, वादळांत वाराच माणसें मारतो. वारा घर पाडतो हें खरें. परंतु किनाऱ्यावर सर्वांत अधिक जीव पाणी घेतें. वाऱ्याचा रेटा आणि हवेचा कमी झालेला दाब ह्यांमुळें समुद्र फुगून जमिनीवर चढतो. त्या वेळीं भरती असेल तर तो आणखीच आंत येतो. ता. १९ नोव्हेंबर १९७७ रोजीं आंध्रांतील कृष्णा नदीच्या मुखाजवळ दिवीसीमा भागांत असाच समुद्र चढला व सुमारें दहा हजार माणसें मेलीं. ता. २९ ऑक्टोबर १९९९ रोजीं ओरिसाच्या किनाऱ्यावर महाचक्रीवादळ आलें. तेव्हां सुमारें पांच-सहा मीटर, म्हणजे तीन पुरुष उंच, पाणी आंत आलें आणि पुन्हां दहा हजारांच्या आसपास माणसें गेलीं.

आतां ह्याच प्रांताची पुढची गोष्ट ऐकावी. १९९९ नंतर तेथें किनाऱ्यावर भक्कम निवारे बांधण्यांत आले, गांवोगांव तरुणांस शिकविण्यांत आलें, आणि इशारा मिळतांच लोकांस हलविण्याची शिस्त बसविण्यांत आली. ता. १२ ऑक्टोबर २०१३ रोजीं ‘फायलिन’ आलें त्यापूर्वीं सुमारें दहा लाख माणसें हलविलीं गेलीं, ता. ३ मे २०१९ रोजीं ‘फनी’ आलें त्यापूर्वीं सुमारें बारा लाख. हीं दोन्हीं वादळें फार मोठीं होतीं. घरें व झाडें पुष्कळ पडलीं. परंतु त्या प्रांतांत मेलेल्या माणसांची संख्या दोन्हीं वेळां शंभराच्या आंत राहिली. समुद्र तोच व वाराहि तसाच होता. मनुष्यांनीं वेळेवर पाऊल उचललें एवढाच काय तो भेद. ‘जें व्हावयाचें तें होणारच’ असें म्हणणाऱ्यांस हें उदाहरण सांगावें.

३. वारा घराशीं कसा वागतो

वाऱ्याचा वेग दुप्पट झाला म्हणजे त्याचा रेटा दुप्पट होत नाहीं, चौपट होतो. ताशीं ६० किलोमीटर वेगाचा वारा एक चौरस मीटर जागेवर सुमारें १७ किलो वजनाइतका भार घालतो. तोच ताशीं १२० किलोमीटर झाला म्हणजे सुमारें ७० किलो. एक मीटर रुंद व दोन मीटर उंच असें आपलें साधें दार घेतलें तर त्यावर १४० किलोंचा भार पडला. म्हणजे दोन धडधाकट पुरुष दारास अंग देऊन ढकलीत आहेत असें समजावें. एका कडीचें हें काम नव्हे.

दुसरी गोष्ट छपराची. वारा छपरास केवळ ढकलीत नाहीं, तर वरून ओढतो. उतारावरून तो वेगानें जातो तेव्हां वरचा दाब कमी होतो आणि छप्पर वर उचललें जातें. म्हणून पत्रे व कौलें खालीं दबत नाहींत, उडतात. अशा वेळीं वाऱ्याच्या तोंडचें दार किंवा खिडकी उघडली तर आंत शिरलेली हवा खालून छपरास उचलूं लागते. वरून ओढ व खालून रेटा, मग छप्पर राहात नाहीं. ‘एखादी खिडकी उघडी ठेवावी म्हणजे वारा निघून जातो’ असें कोणी म्हणतात. तें ऐकूं नये. सर्व दारें व सर्व खिडक्या शेवटपर्यंत बंद ठेवाव्या.

४. पावसाळ्यापूर्वीं करावयाचीं कामें

हीं कामें एप्रिल-मे महिन्यांतच उरकावीं. इशारा आल्यावर सुतारहि मिळत नाहीं आणि खिळेहि मिळत नाहींत.

पहिलें काम छपराचें. आढें, वासे व रिपा कुजल्या किंवा वाळवीनें खाल्ल्या आहेत काय हें पाहून बदलाव्या. वासे भिंतीवर नुसते टेकलेले असल्यास ते लोखंडी पट्टीनें वा जाड तारेनें भिंतीशीं जखडावे. कडेचीं व आढ्यावरचीं कौलें वारा प्रथम उचलतो. तीं तारेनें बांधून वा सिमेंटांत बसवून घ्यावीं. पत्र्याचे आंकडे सैल झाले असल्यास आंवळावे, आणि कडेच्या ओळींत ते जवळजवळ घालावे. पडवीचें छप्पर मुख्य छपराहून वेगळें असेल तर फार चांगलें, कारण पडवी उडाली तरी घर राहतें.

दुसरें काम झाडांचें. घरावर ओणवलेल्या फांद्या तोडाव्या. माडांवरचे सुके नारळ व झावळ्या उतरवाव्या. वादळांत नारळ म्हणजे तोफेचा गोळाच होय. आंतून पोकळ झालेलें झाड घराशेजारीं असेल तर त्याची माया धरूं नये.

तिसरें काम दारांचें. प्रत्येक दारास आंतून आडवी आगळ असावी. खिडक्यांच्या मापाच्या फळ्या कापून, त्यांवर खुणा करून, माळ्यावर ठेवाव्या.

चौथें काम म्हणजे आसऱ्याची जागा आधींच ठरविणें. गांवांत पक्क्या स्लॅबची, उंचावरची, खाडीपासून व मोठ्या झाडांपासून दूर अशी इमारत कोणती, हें सर्वांनीं मिळून पाहावें. शाळा असो, समाजमंदिर असो, देऊळ असो वा आपलें प्रार्थनामंदिर असो, तिचें छप्पर कौलांचें वा पत्र्याचें असेल तर ती मोठी असूनहि आसरा नव्हे. हें मान्य करावयास कठीण जातें, पण छपराकडे पाहूनच निर्णय करावा.

५. इशारा कोणाचा ऐकावा

१८७५ सालीं स्थापन झालेलें भारताचें हवामान खातें आज वादळाची वार्ता कित्येक दिवस आधीं देतें. किनाऱ्यास ७२ तास आधीं पहिली दक्षतेची सूचना, ४८ तास आधीं सावधगिरीचा इशारा, २४ तास आधीं धोक्याचा इशारा, आणि १२ तास आधीं वादळ जमिनीवर चढल्यानंतर आंतल्या मुलुखांत काय होईल ह्याची सूचना निघते. पिवळा, नारिंगी व तांबडा हे रंग चढत्या धोक्याचे आहेत. ही वार्ता आकाशवाणीवर, दूरदर्शनवर व मोबाईलवर मिळते. शिवाय पोलिस पाटील व ग्रामपंचायत दवंडी देतात.

मोबाईलवर फिरणाऱ्या प्रत्येक निरोपावर विश्वास ठेवूं नये. कोणी म्हणतो वादळ वळलें, कोणी म्हणतो दुप्पट झालें. ज्या निरोपाखालीं हवामान खात्याचें वा जिल्हाधिकाऱ्यांचें नांव व वेळ नाहीं तो पुढें पाठवूं नये. वर्गांतील दोन जबाबदार माणसांनीं ठरल्या वेळीं अधिकृत वार्ता ऐकून ती घरोघर सांगावी.

होड्या समुद्रांत असतील तर त्या पहिल्या सूचनेसच परत याव्या व उंच ओढून दुहेरी दोरांनीं बांधाव्या. मासळी चांगली लागली म्हणून एक रात्र आणखी थांबणें ह्यासारखी महाग रात्र दुसरी नाहीं.

६. घर सोडावें कीं घरांत राहावें

ह्या पाठांतील सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच आहे. नियम असा: पाण्यापासून पळावें, वाऱ्यापासून लपावें. ज्यांचें घर समुद्राच्या वा खाडीच्या कांठीं सखल जागीं आहे, दरडीच्या पायथ्याशीं आहे, किंवा कुडाचें, मातीचें अथवा पत्र्याचें आहे, त्यांनीं घर सोडावें. अधिकारी सोडावयास सांगतील तर पक्क्या घरांतील माणसांनींहि वाद घालूं नये. ज्यांचें घर उंचावर, भक्कम व स्लॅबचें आहे त्यांनीं घरींच राहावें व शेजाऱ्यांस आंत घ्यावें. निघावयाचें तें दिवसाउजेडीं, वारा सुटण्यापूर्वीं निघावें. झाडें पडूं लागल्यावर रस्ता हाच मृत्यूचें ठिकाण होतो.

परंतु नियम सांगणें सोपें व माणूस हलविणें कठीण. असें समजा कीं, खाडीकांठीं एक म्हातारी एकटी राहाते. मुलगा मुंबईस आहे. गोठ्यांत एक म्हैस. तिला न्यावयास तरुण मंडळी जाते तेव्हां ती म्हणते, “बाबांनो, ह्या घरांत मी सून होऊन आलें, आतां मला कोठें नेतां? म्हशीला कोण पाहील?” अशा वेळीं तिच्यावर ओरडूं नये, व ‘मरशील’ असें भयहि घालूं नये. तिची चिंता खरी आहे. ती प्रथम दूर करावी. म्हैस आधीं वरच्या अंगास नेऊन बांधावी व तिला दाखवावी. घराची किल्ली तिच्याच कनवटीस द्यावी. मुलाशीं मोबाईलवर तिचें बोलणें करून द्यावें. मग म्हणावें, “आजी, घर इथेंच आहे. तुम्ही आजची रात्र आमच्याकडे चला. सकाळीं आम्हीच तुम्हांला परत आणून सोडूं.” आणि सकाळीं तो शब्द पाळावा. ह्या कामास अर्धा दिवस लागतो, म्हणून तें शेवटच्या घटकेवर टाकूं नये. अंध, अपंग, आजारी, दिवस भरत आलेल्या स्त्रिया व एकटे वृद्ध ह्यांची यादी आधींच केलेली असावी, आणि प्रत्येक नांवापुढें त्यास आणणाऱ्या दोघांचीं नांवें असावीं.

गुरांविषयीं एक सूचना. पाणी चढेल अशा जागीं गुरें दाव्यानें बांधून ठेवूं नयेत. उंचावर नेणें शक्य नसेल तर दावीं सोडावीं. मोकळें जनावर बहुधा स्वतःचा जीव वांचवितें, बांधलेलें बुडतें.

७. आदल्या दिवशींची सिद्धता

वादळ दोन-चार तासांत निघून जातें, परंतु त्याच्या मागून येणारे दिवस लांब असतात. वीज नाहीं, रस्ता नाहीं, दुकान नाहीं, अशा स्थितींत किमान तीन दिवस, आणि बनेल तर आठवडाभर, स्वतःच्या बळावर राहतां आलें पाहिजे.

पाणी: प्रत्येक माणसामागें दररोज पिण्यापुरतें तीन-चार लिटर, ह्या हिशेबानें झांकणाच्या भांड्यांत भरावें. विजेवांचून पंप चालणार नाहीं, म्हणून विहिरीचा दोर व पोहरा काढून ठेवावा.

अन्न: पोहे, चुरमुरे, गूळ, शेंगदाणे, भाजक्या डाळ्या, भाकऱ्या, ज्यास चूल लागत नाहीं असें. तान्ह्या मुलाचें वेगळें.

उजेड: विजेरी व तिचीं सुटीं सेलें, कंदील, आणि आगपेटी प्लॅस्टिकच्या पिशवींत. मोबाईल व बॅटरीचा डबा पूर्ण भारून ठेवावा. वादळांत मोबाईलवर करमणूक करीत बसूं नये. बॅटरी हांक मारण्याकरितां राखावी.

औषधें: नित्याच्या गोळ्या आठवड्याच्या, जखमेचें औषध, स्वच्छ कापड, क्लोरीनचे थेंब.

कागदपत्रें: शिधापत्रिका, आधार कार्ड, सातबाराचा उतारा, बँकेचें पुस्तक, मुलांचे दाखले व थोडी रोकड. हीं दुहेरी पिशवींत बांधून कंबरेशीं वा माळ्यावर नव्हे, तर बरोबर न्यावयाच्या पोतडींत ठेवावीं. माळा छपराबरोबर जातो.

अंगणांतील बादल्या, घमेलीं, कुदळी, सुटे पत्रे, लांकडें, खुर्च्या आंत घ्याव्या. जें उडूं शकतें तें कोणाचें तरी डोकें फोडूं शकतें. शेवटीं गॅसची टाकी बंद करावी, चूल विझवावी, आणि वारा वाढतांच विजेचा मुख्य खटका खालीं पाडावा.

८. वादळ घरावर असतां

घरांतील सर्वांत आंतली, खिडकी नसलेली वा लहान खिडकीची खोली निवडावी. कौलारू घर असल्यास उंच त्रिकोणी भिंतीजवळ बसूं नये. छपराचा आधार सुटला म्हणजे ती भिंत प्रथम कोसळते. मजबूत पलंगाखालीं वा जड टेबलाखालीं मुलांस बसवावें, आणि डोक्यावर गाद्या, उशा व गोधड्या घ्याव्या. पायांत चपला असूं द्याव्या, कारण फुटलेल्या कौलांवरून व कांचेवरून बाहेर पडावें लागेल. सर्वांनीं एकत्र राहावें. एखादें दार ढिलें होऊं लागलें तर त्यास पाठ लावून उभें राहूं नये. कपाट वा धान्याच्या गोण्या त्याच्या आड सरकवाव्या व आपण दूर व्हावें.

वाऱ्याचा आवाज फार भयंकर असतो व मुलें घाबरतात. त्यांच्याशीं शांतपणें बोलत राहावें, त्यांस एखादें गाणें म्हणावयास सांगावें, आणि वडील माणसांनीं रडारड करूं नये. उडालेला पत्रा वा गोठ्याचें दार सांवरावयास कोणीहि बाहेर जाऊं नये. पत्रा पुन्हां मिळतो.

९. डोळ्याची फसवी शांतता

आतां पहिल्या भागांत सांगितलेली गोष्ट आठवावी. वादळाचा डोळा आपल्या गांवावरून जात असेल तर प्रचंड वारा एकाएकीं पडतो. पाऊस थांबतो, आकाश उजळतें, केव्हां सूर्यहि दिसतो. लोकांस वाटतें, संकट टळलें. कोणी छप्पर पाहावयास जातो, कोणी गुरांकडे, कोणी किनाऱ्यावर होडीकडे. ही शांतता कांहीं मिनिटें टिकते, फार तर तासाभराच्या आंतबाहेर. मग वारा उलट दिशेनें, आणि पूर्वींच्याच जोरानें, एकदम अंगावर येतो. एका बाजूनें ढिलीं झालेलीं झाडें व भिंती दुसऱ्या बाजूच्या धक्क्यानें पडतात. बाहेर गेलेला मनुष्य परत येऊं शकत नाहीं.

म्हणून वारा अकस्मात् थांबला तर समजावें कीं अर्धें वादळ उरलें आहे. ‘वादळ गेलें’ अशी अधिकृत वार्ता येईपर्यंत कोणासहि बाहेर सोडूं नये. वारा हळूहळू दिशा बदलीत व कमी होत गेला तर मात्र डोळा आपल्यावरून गेला नाहीं असें समजावें; तरीहि वार्तेची वाट पाहावी.

१०. वादळ ओसरल्यावर

पुष्कळ माणसें वादळांतून वांचतात व दुसऱ्या दिवशीं मरतात. त्याचीं कारणें अशीं आहेत.

पडलेली विजेची तार: ती मेलेली आहे असें कधींहि समजूं नये. तिच्याजवळील पाण्यांतहि पाय घालूं नये. मुलांस दूर ठेवून वीज कंपनीच्या माणसांस कळवावें.

छपरावर चढणें: ओल्या व तडकलेल्या छपरावरून, विशेषतः सिमेंटच्या पत्र्यावरून, घाईनें चढलेला माणूस थेट खालीं जमिनीवर येतो. पत्रा पायाखालीं फुटतो. आडवी फळी टाकून, कंबरेस दोर बांधून, खालीं दुसरा माणूस उभा करूनच चढावें. एक रात्र ताडपत्रीखालीं काढल्यानें कांहीं बिघडत नाहीं.

पडलेलीं झाडें: अडकलेल्या खोडास ताण असतो, तें कापतांच उसळतें. जाणत्यानेंच कापावें.

साप व विंचू: पाण्यामुळें बाहेर पडून ते ढिगाऱ्यांत व घरांत आसरा घेतात. हात घालण्यापूर्वीं काठीनें हलवावें. दंश झाल्यास मांत्रिकाकडे न जातां थेट रुग्णालयांत न्यावें.

जनित्र: तेलावर चालणारें वीजयंत्र बंद खोलींत वा ओटीवर चालवूं नये. त्याच्या धुरांतील विषारी वायूला वास नसतो. निजलेलीं माणसें निजलेलींच राहतात.

पाणी: विहिरींत पुराचें पाणी शिरलें असल्यास आरोग्यसेवकाच्या सल्ल्यानें ब्लीचिंग पावडर टाकल्यावांचून तें पिऊं नये. इतर वेळीं खळखळून उकळावें. जुलाब लागल्यास एक लिटर स्वच्छ पाण्यांत साखरेचे सहा सपाट चहाचे चमचे व मिठाचा अर्धा सपाट चमचा विरघळवून घोटघोट पाजावें. चिखलांत अनवाणी काम करूं नये. उंदरांच्या मुत्रानें दूषित झालेल्या पाण्यापासून लेप्टोस्पायरोसिस नांवाचा ताप येतो. चिखलांत काम केल्यावर ताप, पोटऱ्या दुखणें, डोळे लाल होणें अशीं चिन्हें दिसतांच प्राथमिक आरोग्य केंद्रांत जावें व चिखलांत काम केल्याचें डॉक्टरांस सांगावें.

नुकसानाची नोंद: ढिगारा उपसण्यापूर्वीं घराचे, गोठ्याचे व वाडीचे फोटो काढावे. पडलेले माड व पोफळी मोजून लिहून ठेवाव्या. ज्यांस लोक अजून तलाठी म्हणतात ते ग्राम महसूल अधिकारी पंचनाम्यास येतील तेव्हां घरीं हजर राहावें, आणि पंचनामा वाचून घेतल्यावांचून अंगठा वा सही करूं नये. ज्यांस वाचतां येत नाहीं त्यांच्याजवळ वर्गांतील साक्षर माणसानें बसावें. हें त्या दिवसांतील मोठें उपकाराचें काम आहे.

मदतीकरितां लक्षांत ठेवावयाचे आंकडे: कोणत्याहि संकटास ११२, रुग्णवाहिकेस १०८, आणि जिल्ह्याच्या आपत्ति नियंत्रण कक्षास १०७७. हे आंकडे मोठ्या अक्षरांत दाराच्या आंतल्या बाजूस लिहावे.

शेवटीं एवढेंच सांगावयाचें कीं, वादळ थांबविणें मनुष्याच्या हातीं नाहीं. परंतु आगळ, दोर, पाण्याची घागर आणि शेजाऱ्याची आठवण ह्या गोष्टी त्याच्या हातीं आहेत. वादळाच्या आदल्या संध्याकाळीं आपलें दार लावण्यापूर्वीं प्रत्येकानें स्वतःस एक प्रश्न विचारावा: माझ्या आळींत अजून कोण आपल्या कमजोर घरांत एकटें बसलें आहे?

अभ्यासासाठीं प्रश्न

१. वाऱ्याचा वेग दुप्पट झाल्यास त्याचा रेटा किती पटींनीं वाढतो? आपल्या घराच्या दाराचें माप घेऊन, ताशीं १२० किलोमीटर वेगाच्या वाऱ्यांत त्यावर किती भार पडेल तें काढा.

२. वादळांत खिडकी उघडी ठेवणें चूक कां?

३. १९९९ व २०१३ ह्या दोन वर्षांच्या वादळांत मृतांच्या संख्येंत एवढा भेद कशामुळें पडला?

४. आपल्या गांवांतील कोणत्या घरांनीं पाण्याच्या भयामुळें घर सोडलें पाहिजे? त्यांनीं कोणत्या वाटेनें व कोठें जावें?

५. भर वादळांत वारा एकाएकीं पडला तर काय समजावें व काय करावें?

६. वर्गांतील प्रत्येकानें आपल्या आळींतील एका वृद्ध वा आजारी माणसाचें नांव सांगावें, व त्यास आणण्याची जबाबदारी कोणा दोघांची हें ह्याच बैठकींत ठरवावें.